मास कुणाला लावायचं

आमच्या ह्यांना कुणी उर्मट म्हणेल, असं मला जन्मात वाटलं नव्हतं. बावळट म्हणाले असते तर मी समजून घेतलं असतं. मुखदुर्बळ तर मीच रोज म्हणायची. भाजीवाल्याने किडकी वांगी गळ्यात मारली तरी ‘राहू दे गं, त्याच्याकडे तशीच असतील’ म्हणणारा हा माणूस. बसमध्ये कुणी ह्यांच्या पायावर पाय दिला तर सॉरी हेच म्हणणार. अशा माणसाला उर्मट ठरवलं, आणि तेही जपानी भाषेत. इतकी वर्षं झाली, तरी आठवलं की माझं डोकं तापतं.

एक्क्याऐंशी-ब्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. आम्ही काळेवाडीत दोन खोल्यांत राहायचो. मी चिंचवड गावातल्या नगरपालिकेच्या शाळेत चौथीला शिकवत होते. हे पिंपरीच्या एका कंपनीत टूलरूमला होते. ज्या साच्यांतून पुढे हजारो पार्ट निघतात, ते साचे घासून, तासून, नेमके करणारं हे खातं. कंपनीचा एका जपानी कंपनीशी करार झाला, नवी मशिनं येणार असं ठरलं, आणि टूलरूममधल्या चौघांना सहा महिने जपानला शिकायला पाठवणार अशी बातमी आली. परत आल्यावर नवं खातं त्यांच्याच हातात.

ह्यांना सुपरवायझर व्हायची हाव नव्हती. त्यांना एक मशीन बघायचं होतं. ते म्हणे पोलादाला हत्यार न लावता, नुसत्या ठिणगीने त्यात केसाच्या जाडीची खाच पाडतं. त्याचं रंगीत चित्र कंपनीत आलं होतं. रात्री जेवताना हे ताटातल्या भाकरीवर बोटाने ती खाच काढून दाखवायचे आणि भाकरी गार व्हायची. लग्न झाल्यापासून ह्यांनी एखादी गोष्ट मागितलेली मी पाहिली नव्हती. ही त्यांना हवी होती, आणि ते दिसत होतं.

अट एकच, जपानी आलं पाहिजे. पहिली शिफ्ट सुटली की कँटीनच्या एका कोपऱ्यात वर्ग भरायचा. शिकवायला पुण्याहून एक तरुण सर यायचे. स्वतः जपानला राहून आलेले, हुशार, कपडे कडक इस्त्रीचे. त्यांच्या जपानीबद्दल मला काही म्हणायचं नाही. म्हणायचं आहे ते त्यांच्या इंग्रजीबद्दल. वर्गात बारा माणसं, बाराही मराठी शाळेत शिकलेली, अर्ध्यांची दहावी झालेली आणि अर्ध्यांची हुकलेली. आणि हा गृहस्थ त्यांना जपानी शिकवणार इंग्रजीतून. का, तर पुस्तक इंग्रजीत होतं.

पहिल्याच दिवशी सर म्हणाले की जपानीत ‘पार्टिकल’ फार महत्त्वाचे. आता टूलरूमच्या माणसाला पार्टिकल म्हणजे एकच गोष्ट माहीत, साच्यात राहिला तर सगळा माल बाद करणारा लोखंडाचा कण. बाराही जणांनी मान डोलावली आणि मनात म्हटलं, अरे वा, ह्या भाषेतही सफाई लागते. मग सायक्लोस्टाइलचे कागद वाटले. त्यावर एका ‘नी’ समोर इंग्रजीतले पाच अर्थ, ‘दे’ समोर चार. हे घरी आले ते चेहरा पाडून. म्हणाले, मला इंग्रजी आलं असतं तर मी जपानी कशाला शिकलो असतो.

मी तो कागद हातात घेतला आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अहो, ह्या तर विभक्त्या. चौथीच्या पोरांकडून मी रोज घोकून घेते त्या. चिंचवडला जातो, सात वाजता उठतो, हा ‘ला’ आणि हा ‘ता’ म्हणजे त्यांचा ‘नी’. बसने जातो, कारखान्यात काम करतो, हा ‘ने’ आणि हा ‘त’ म्हणजे त्यांचा ‘दे’. ‘नो’ म्हणजे चा-ची-चे, आणि तोही बिचारा लिंग-वचन न बघता एकटाच सगळं काम करणारा. ‘कारा’ म्हणजे पासून, ‘मादे’ म्हणजे पर्यंत. शब्दाच्या मागून लागतात, आपल्यासारखेच. क्रियापद वाक्याच्या शेवटी, आपल्यासारखंच. आणि प्रश्न विचारायचा असेल तर शेवटी काय लावायचं? ‘का’. ‘येता का’ मधला का, तोच. इतकी आपल्या घरातली भाषा असताना ती इंग्रजीच्या दारातून, पायऱ्या चढून-उतरून का आणायची, ते मला कुणी सांगा.

एक ‘वा’ तेवढा अवघड गेला. सर म्हणायचे, तो वाक्याचा विषय दाखवतो. दोन दिवस डोकं खाजवल्यावर माझ्या लक्षात आलं की आपण बोलताना ‘मी ना, उद्या येणार नाही’ म्हणतो, तो ‘ना’ म्हणजे ‘वा’. आधी ज्याच्याबद्दल बोलायचं त्याला पुढे काढून ठेवायचं, मग पुढचं बोलायचं. ते ऐकून हे हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात बाजूच्या माणसाला हे सांगितलं, ते सरांच्या कानावर गेलं. सर म्हणाले, मराठी बाहेर चपलांजवळ काढून या. चपलांजवळ! मी त्या वर्गात असते तर तिथेच चार शब्द सुनावले असते. ह्यांनी मान खाली घातली आणि पुढचं वाक्य म्हटलं.

तरी विभक्त्यांच्या जोरावर ह्यांची गाडी चांगली पळायला लागली. रात्री मी स्वयंपाक करता करता विचारायची, हे कागदात बघून जपानीत उत्तर द्यायचे. आमच्या आळीतली पोरं ‘मास, मास’ म्हणून चिडवायची, कारण प्रत्येक वाक्याच्या शेवटी तेच ऐकू यायचं. काम करणं म्हणजे हाताराकु. त्याचं होतं हाताराकिमास. जाणं म्हणजे इकु, त्याचं इकिमास. नाही म्हणायचं तर मासेन.

हे मासच पुढे नडलं.

सरांनी सांगितलं होतं की मास लावलं म्हणजे आदर दिसतो. न लावलेलं साधं रूप घरच्यांत, आपल्या माणसांत वापरायचं. बस, एवढंच. आता हे ऐकून मराठी माणूस काय समजेल? आपल्याकडे शिपाई येतो आणि साहेब येतात. साहेब एकटेच असले तरी येतात. ज्याच्याबद्दल बोलतो त्याला मान द्यायचा असेल तर क्रियापद वाढवायचं. आणि स्वतःबद्दल बोलताना? ‘मी आले आहेत’ असं कुणी म्हणतं का? तसं कुणी म्हणालंच तर लोक त्याला वेड्यात काढतील. मी आलो, मी गेलो, संपलं. म्हणून आमचे हे फोरमनबद्दल बोलताना मास लावायचे, सरांबद्दल बोलताना लावायचे, आणि स्वतःबद्दल बोलताना काढून टाकायचे. कागदावर वाचताना मात्र जसंच्या तसं वाचायचे, त्यामुळे मला पत्ता लागला नाही. नंतर मी विचारलं की अहो, कागदावर ‘मी काम करतो’ ला मास लावलेलं दिसत नव्हतं का तुम्हाला? तर म्हणाले, दिसत होतं. पण कागदावरचा मी जपानी साहेब असणार असं वाटलं. तो स्वतःला मान देईल, आपण कसा देणार.

आपण कसा देणार. हे कुठून आलं, ते मला ठाऊक होतं. माझे सासरे देहूरोडच्या लष्करी डेपोत हमाली करत. त्याआधी गावात होते तेव्हा मोठ्या घरचं शेंबडं पोरसुद्धा त्यांना अरे-तुरे करायचं. आम्ही बौद्ध झालो, शिकलो, पगार घेऊ लागलो. पण सासऱ्यांना मी शेवटपर्यंत बघितलं, स्वतःबद्दल बोलायची वेळ आली की आवाज खाली, नजर खाली. ह्यांनी लहानपणापासून तेच पाहिलेलं. तो नम्रपणा शिकवून येत नाही, तो हाडात बसवला जातो. आणि त्याचाच पुढे गुन्हा झाला.

मुलाखत घ्यायला पर्सोनेलचे साहेब, सर, आणि एक वयस्कर जपानी इंजिनियर असे तिघे बसले होते. हे जपानी साहेब नव्या मशिनांचा पाया बघायला चारेक महिने इथेच होते. ह्यांनी घासलेला एक साचा त्यांनी नखाने चाचपून पाहिला होता आणि खूश होऊन ह्यांची पाठ थोपटली होती. म्हणजे कामाचा प्रश्न नव्हताच. त्यांनी विचारलं, जपानी कळतं का? वाकारिमास का? हे म्हणाले, सुकोशी वाकारु. थोडं कळतं, पण बिनमासाचं. मग विचारलं, जपानला जाणार का? हे म्हणाले, इकु. तेही बिनमासाचं. मग विचारलं, तुमचे फोरमन कामावर कधी येतात? तेव्हा ह्यांनी छान पूर्ण वाक्य म्हटलं, फोरमन-सान वा हायाकु किमास. फोरमन लवकर येतात. फोरमनला मास लावलं.

जपानी कानाला ते कसं लागलं असेल, हे मला आता कळतं. मुलाखतीला आलेल्या माणसाने साहेबाकडे बघून ‘हो रे, कळतंय थोडं, जातो की’ म्हणावं, तसं. जपानी साहेबांचा चेहरा बदलला. ह्यांना वाटलं आपलं ‘नी’ चुकलं की काय. दोन दिवसांनी पर्सोनेल साहेबांनी बोलावून सांगितलं की हात चांगला आहे, पण माणूस उर्मट आहे, कंपनीचं नाव खराब करेल.

हे घरी आले आणि ओट्यावर बसून राहिले. मला वाटलं कुणी गेलं. मग विचारलं, मी उर्मट आहे का गं? मला रडू फुटलं. पण रडण्याच्या आधी राग आला होता, हे मी स्पष्ट सांगते.

आता ज्या चौघांची निवड झाली, त्यातला एक आमच्या ह्यांच्याच बाकावर बसायचा. जुन्या गावातल्या जमीनवाल्या घरचा. जमीन कंपनीत गेली, बदल्यात ह्याला नोकरी लागली. माणूस दिलदार, डब्यातलं अर्धं दुसऱ्याला देणारा, खोटं कशाला बोलू. पण बोलणं सगळं ‘आमी’ मध्ये. आमी जेवलो, आमी येतो, आमाला च्या नगं. एकट्याबद्दल. त्याला जपानीत स्वतःला मास लावायला काहीच जड गेलं नाही. जन्मापासून तो स्वतःबद्दल मानाने बोलत आलेला. तो घरी आला, हळहळला, आणि अगदी निरागसपणे म्हणाला, “राव, तुमी सोताला मास का न्हाई लावलं? आमी तर पैल्या दिसापास्नं लावतोय.”

मुलाखतीत त्याला अतिशय नम्र असा शेरा मिळाला होता. नम्र! मी चहाची कपबशी इतकी जोरात ठेवली की बशीचा टवका उडाला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी घरी गेलेच नाही. सर चिंचवड स्टेशनवरून पुण्याची लोकल पकडायचे, ते मला ठाऊक होतं. फलाटावर त्यांना गाठलं. माझी ओळख सांगितली आणि सरळ विचारलं की मास नक्की कुणाला लावायचं. सर शांतपणे म्हणाले की मास ज्याच्याबद्दल बोलतो त्याच्यासाठी नसतंच. जो ऐकतो आहे त्याच्यासाठी असतं. स्वतःबद्दल बोला, फोरमनबद्दल बोला, कुत्र्याबद्दल बोला, समोर परका किंवा मोठा माणूस असेल तर मास लागणारच.

इतकी साधी गोष्ट. दोन वाक्यांत सांगून झाली, गाडी यायच्या आत. मी विचारलं, हे वर्गात का नाही सांगितलंत? तर म्हणाले, पहिल्याच कागदावर इंग्रजीत आहे. वर म्हणाले की पुण्याच्या त्यांच्या कॉलेजातल्या वर्गात ही चूक कुणीच करत नाही. मी म्हटलं, करणार नाहीतच, त्यांना तुमचं इंग्रजी कळतं. तुम्ही आमच्या माणसाची मराठी चपलांजवळ काढून घेतलीत, पण ती त्याच्या डोक्यातून निघाली नाही. निदान ती तिथे काय करते आहे, एवढं तरी बघायचं होतंत. सर गोरेमोरे झाले. वाईट माणूस नव्हता, घमेंड होती तेवढीच. पर्सोनेल साहेबांशी बोलतो म्हणाले.

बोलले, आणि त्यातून काय निघालं? तर जपानी साहेब महिनाअखेरीस परत जाणार, त्याआधी ह्यांनी त्यांच्यासमोर उभं राहून उर्मटपणाबद्दल माफी मागायची. मग पुढच्या तुकडीत नाव घालू. वाक्यही सरांनी तयार करून दिलं. वाताशी वा आयामारिमास. मी माफी मागतो. शेवटचं मास विसरू नका, असंही बजावलं.

ह्यांनी सरांना एक विचारलं होतं. ‘माझी बोलण्यात चूक झाली’ ह्याला जपानीत काय म्हणतात? ते म्हणतो मी हवं तर. सर म्हणाले, ते नको, साहेबांना वागणुकीची माफी हवी आहे. चूक मान्य करायला हा माणूस एका पायावर तयार होता. पण चूक त्यांना नकोच होती, कारण चूक म्हटलं की शिकवलं कुणी हा प्रश्न आला असता. उर्मटपणा म्हटला की सगळं ह्यांच्या एकट्याच्या पदरात.

तरी मीच म्हटलं, म्हणून टाका. माझा राग माझ्यापाशी, पण ते मशीन मला त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. एका वाक्याने जपान मिळत असेल तर एक वाक्य काय मोठं. मी त्यांच्याकडून ते म्हणून घेतलं. मास आता ऐकणाऱ्यासाठी असतं हे त्यांना पक्कं कळलं होतं, जीभ अडखळत नव्हती. फक्त म्हणताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

त्या दिवशी केबिनमध्ये काय झालं, ते ह्यांनी मला सांगितलं, आणि नंतर त्या बाकावरच्या सोबत्यानेही सांगितलं. तो दाराशीच उभा होता. जपानी साहेब खुर्चीत, पर्सोनेल साहेब शेजारी, सर उभे. हे पुढे झाले, वाकले. म्हणाले, वाताशी वा. सरांनी मान हलवली, बरोबर. म्हणाले, आयामारि. पर्सोनेल साहेब हसायला लागले, झालं एकदाचं काम. जपानीत, आपल्यासारखंच, हो की नाही ते अगदी शेवटी कळतं.

“वाताशी वा आयामारिमासेन.”

मी माफी मागत नाही.

पर्सोनेल साहेबांना काही कळलंच नाही, ते हसतच होते. सरांना कळलं आणि ते लालबुंद झाले. जपानी साहेब मात्र खुर्चीत सरळ होऊन बसले. त्यांनी विचारलं, नाझे देस का? का बरं? हा प्रश्न ह्यांना कळला. उत्तर जपानीत येत नव्हतं. म्हणून त्यांनी मराठीत सांगितलं की मी तुमचा मान ठेवला होता. मला वाटलं स्वतःला मान लावला तर तुमचा कमी होईल, म्हणून लावला नाही. ती चूक होती, उर्मटपणा नव्हता. चुकीला चूक म्हणू दिलं असतंत तर मी म्हटलं असतं. ह्यांच्या तोंडून इतकं मोठं बोलणं मी लग्नानंतर ऐकलेलं नाही. सरांनी त्याचं जपानी केलं, ते दोन शब्दांचं झालं. कुठले दोन शब्द, देव जाणे. जपानी साहेब उठले, ह्यांच्यासमोर वाकले, आणि निघून गेले. ते रागाने वाकले की आणखी कशाने, हे आम्हाला आजतागायत कळलेलं नाही, आणि ज्याला कळलं असेल त्याने सांगायची तसदी घेतली नाही.

पुढच्या तुकडीत नाव आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. ते मशीन वर्षभराने पिंपरीतच आलं, आणि जपानहून शिकून आलेल्यांनी ते चालवलं. हे बाजूच्या टेबलावर कानस घेऊन साचे घासत राहिले, रिटायर होईपर्यंत. त्यांनी कधी तक्रार केली नाही. मी करते. जिवात जीव आहे तोवर करणार.

पण त्या संध्याकाळी ते घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा पडलेला नव्हता. पाय धुतले, सगळं सांगितलं, आणि पुन्हा ओट्यावर जाऊन बसले. मी चहा घेऊन गेले. मला रडावं की ओरडावं कळत नव्हतं. म्हटलं, अहो, जपान गेलं ना.

म्हणाले, “गेलं. पण मास बरोबर जागी लागलं का, ते तू सांग.”

मी म्हटलं, लागलं.